आमचा नवा चिटणीस

सोमवारी सकाळी चहा यायच्या आत आमच्या कचेरीतल्या नव्या एआय साधनाने लिहिलेला आठवड्याचा गोषवारा स्क्रीनवर येऊन बसला होता. पाच ओळी, नेटक्या, प्रत्येकीच्या आधी हिरवी खूण. तिसरी ओळ अशी : 'मुखपृष्ठाचा दुसरा पर्याय निश्चित. जबाबदारी : काका. मुदत : शुक्रवार.'

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून ती ओळ दोनदा वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, हे मी कधी ठरवलं?"

ठरवलं नव्हतंच. बैठकीत आमच्या डिझायनर मुलीने तीन मुखपृष्ठं दाखवली, तेव्हा दुसऱ्याकडे बघत काका म्हणाले होते, "हं. छान आहे. बघू." काकांबरोबर ज्याने एक पावसाळा जरी काढलाय, त्याला कळतं की 'छान आहे, बघू' म्हणजे ते चित्र गेलं. नुसतं 'बघू' म्हणाले असते तर थोडी धुगधुगी होती. 'बघू की' म्हणाले असते तर जवळजवळ होकारच. आणि 'बघतो' म्हणाले असते तर खरोखर बघणार होते. ही बाराखडी आम्हाला कुणी शिकवली नाही. ती कचेरीच्या जिन्यासारखी पायाखालची झालेली असते. कुठली पायरी झिजलीय ते अंधारातही कळतं. यंत्राने मात्र 'छान आहे' धरलं आणि 'बघू' हा पुढच्या कामाचा शब्द मानून काकांच्या गळ्यात घातला. याला ध चा मा म्हणता येणार नाही. तिथे निदान हेतू होता.

आमची कचेरी म्हणजे सदाशिव पेठेतला एक दुसरा मजला, सात माणसं, वर्षाला दहाबारा पुस्तकं आणि एक दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी संपादकाचा ऑगस्ट आणि सप्टेंबर कसा जातो ते फारसं बदललेलं नाही. लेखक मजकूर देत नाहीत, जाहिरातदार शब्द देतात पण पैसे देत नाहीत आणि छापखाना रोज विचारतो, फर्मे कधी? बदललं ते एवढंच, की पूर्वी हे सगळं एका टेबलाभोवती व्हायचं आणि आता अकरा व्हॉट्सॲप ग्रुपांत होतं. 'अंक', 'अंक नवीन', 'अंक फायनल', 'अंक फक्त काम' आणि ज्यात काम सोडून सगळं चालतं असा 'अंक फक्त काम २'. मागच्या वर्षी एका कथेचं दुसरं प्रूफ छापायला गेलं आणि तिसरं, म्हणजे खरं तपासलेलं, 'फायनल'मध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकखाली गाडलं गेलं. अंक हातात आल्यावर लेखकाचा फोन आला. तो मी घेतला होता. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

तर डिझायनर मुलगी म्हणाली, "ताई, एकच जागा हवी. गप्पा तिथेच, कागद तिथेच. आणि आता एआय-फर्स्ट साधनं आलीत, म्हणजे एआयभोवतीच बांधलेली, ती स्वतः शोधून देतात." तिने दाखवलेल्या त्या साधनाचं नाव मी सांगत नाही, त्याचे गुण आणि दोष त्याच्या भावंडांतही आहेत.

या सगळ्या वंशाची एक गंमत मला तेव्हा कळली. 'स्लॅक' हे गप्पांचं ॲप मुळात एका गेमच्या अपयशातून निघालं. टायनी स्पेक नावाची कंपनी 'ग्लिच' नावाचा खेळ बनवत होती. खेळ २०१२ मध्ये बंद पडला, पण तो बनवताना आपापसात बोलायला जे साधन त्यांनी घरच्या घरी केलं होतं ते २०१४ पासून जगाने उचललं. नावाचा विस्तार सांगतात तो 'सर्चेबल लॉग ऑफ ऑल कॉन्व्हर्सेशन अँड नॉलेज' असा. सगळं बोलणं आणि सगळं ज्ञान यांची शोधता येणारी वही. किती ही हाव! तोंडातून निघालेला शब्द वाया जाऊ द्यायचा नाही. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि बघता बघता प्रत्येक ॲपच्या कोपऱ्यात एक चमचमणारी चांदणी उगवली. ती दाबा, सारांश मिळेल. एआय-फर्स्ट म्हणवणारी साधनं एक पाऊल पुढे जातात. त्यांत चांदणी कोपऱ्यात नसते, ती सदस्यांच्या यादीत असते. तिला हाक मारायची, प्रश्न विचारायचा, काम सांगायचं. बैठकीला तीही हजर.

पैसे माणशी, डॉलरमध्ये. काकांनी विचारलं, "सात जणांचे पैसे आणि आठवा फुकट?"

आठव्याला नाव द्यायची सोय होती. काकाच म्हणाले, "चिटणीस ठेवा. लिहून ठेवणारा तो चिटणीस." ठेवलं.

पहिले दोन आठवडे मी खरंच हरखले होते, हे कबूल करते. एका लेखकाचं मानधन किती ठरलं होतं, हा प्रश्न आमच्याकडे दर वर्षी भांडणापर्यंत जातो. ठरलेलं असतं कुठेतरी, कुणीतरी, रात्री साडेदहाला, रोमन लिपीत टाइप केलेल्या मराठीत. एकाने 'mandhan' लिहिलेलं असतं असं देवनागरीत सांगताना माझी पंचाईत होते, तेव्हा एवढंच म्हणते की एकजण मानधनातला पहिला 'ए' एकदा लिहितो, दुसरा दोनदा आणि तिसरा 'पाकिटाचं बघतो' एवढंच लिहितो. साध्या शोधाला यातलं काही सापडत नाही. चिटणिसाला तिन्ही सापडले. कारण तो अक्षरं जुळवत नाही. मुलीने मला ते समजावून सांगितलं : सगळा मजकूर आधी तुकड्यांत कापला जातो, प्रत्येक तुकड्याला आकड्यांची एक लांबलचक रांग मिळते आणि अर्थाने जवळचे तुकडे आकड्यांतही जवळजवळ पडतात. आपला प्रश्नही तसाच आकड्यांत जातो, त्याच्या शेजारचे काही तुकडे उचलले जातात आणि ते समोर ठेवून भाषेचं मॉडेल उत्तर लिहितं. 'पाकीट' हे मानधनाच्या शेजारी राहतं, हे त्याला कुठून कळलं असेल याचा मी रात्री विचार करत होते. मला स्वतःला ते कळायला प्रकाशन व्यवसायात चार वर्षं लागली होती.

बैठकींचं टिपण मात्र वेगळंच प्रकरण. आम्ही मराठीत बोलतो, तो ऐकून लिहितो. वाटेत कुठेतरी इंग्रजीचा मुक्काम होत असावा. 'सोळा फर्मे तयार आहेत' याचं 'सोळा फर्मशी बोलणी पूर्ण' झालं. 'दुसरं प्रूफ गुरुवारी' याचं 'दुसरा पुरावा गुरुवारी हाती येईल.' हे वाचून आमचे मुद्रितशोधक दिवसभर गुप्तहेरासारखे वावरत होते. ही हसण्यावारी नेण्यासारखी चूक, ती लगेच दिसते. फर्मा म्हणजे सोळा पानांचा छापील ताव, हे आपण एकदा सांगितलं की पुढे तो नीट लिहितो, असाही अनुभव आला. वेळ लागला तो न दिसणाऱ्या चुकांना.

आमच्या अंकात दर वर्षी एक वयोवृद्ध लेखिका कथा देतात. बाई ठरल्या तारखेला कथा कधीच देत नाहीत आणि न देता कधीच राहत नाहीत. त्यांच्याकडे मजकूर मागायची एक रीत आहे. काका फोन करतात आणि कथेचा विषयच काढत नाहीत. गुडघ्याची चौकशी करतात. गुडघा बरा आहे म्हणाल्या तर कथा झालीय. पाऊस फार आहे म्हणाल्या तर निम्मी झालीय. 'तुमचं कसं चाललंय' असं उलट विचारलं तर अजून सुरुवात नाही, आठ दिवसांनी परत फोन. यंदा जाहिरातीचं बघणाऱ्या मुलाने थकलेल्या मजकुराची यादी बघितली, शेजारी 'आठवण पाठवा' असं बटण होतं, ते दाबलं. बाईंना पत्र गेलं. 'आपल्या कथेचा मजकूर अद्याप प्रलंबित आहे. वेळापत्रक सुरळीत राहावे यासाठी तो २० तारखेपर्यंत सादर करावा. काही अडचण असल्यास मोकळ्या मनाने कळवा.'

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तेवढ्यानेच मला शंका यायला हवी होती.

बाईंनी कचेरीच्या लँडलाइनवर फोन केला. "तुमच्याकडे कुणी कोर्टातून आलाय का कामाला? सादर करावा म्हणे!" त्यांनी ते हसत म्हटलं, पण कथा यंदा फार उशिरा आली आणि काकांना त्यासाठी घरी जाऊन दोन वेळा चहा प्यावा लागला. मी ते पत्र नंतर बऱ्याचदा वाचलं. 'मोकळ्या मनाने कळवा' या शब्दांखाली इंग्रजी 'फील फ्री' उताणं पडलेलं मला स्वच्छ दिसत होतं. मराठीत अडचण असेल तर आपण 'संकोच करू नका' म्हणतो. म्हणजे संकोच आहे हे आधी मान्य करतो. मन मोकळं आहे असं गृहीत धरत नाही. स.न.वि.वि. या चार अक्षरांत आमच्याकडे जे आपोआप येतं ते त्या पत्रात शोधूनही सापडलं नाही.

तरी हेही किरकोळच. खरी गोष्ट पुढे झाली.

लहान मुलांचं एक जुनं पुस्तक पुन्हा काढायचं होतं. २००४ सालचं. चित्रकार आता हयात नाहीत. प्रश्न असा, की चित्रं पुन्हा छापायचा हक्क आपल्याकडे आहे का? मुलीने चिटणिसाला विचारलं. उत्तर चार सेकंदांत : 'करारानुसार हक्क २५ वर्षांसाठी आहेत. म्हणजे २०२९ पर्यंत पुनर्मुद्रण करता येईल.' खाली दुवाही होता. तिला सतरा कामं होती, दुवा आहे म्हणजे आधार आहे असं समजून तिने पुस्तक मांडणीला घेतलं.

काका म्हणाले, "कुठला करार म्हणतोय तो?" मग उठून लोखंडी कपाटाकडे गेले. ते कपाट म्हणजे काकांचं पेशवे दफ्तर. जुने कागद रुमालांत बांधून ठेवायचे तसे त्यांनी फायलींना नाड्या बांधल्यात, आणि कुठली नाडी कुठल्या सालची हे त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. दहा मिनिटांनी दीड पानी कागद निघाला. त्यावर पैशांचा आकडा होता, ११०० प्रतींचा उल्लेख होता, सही होती. मुदत कुठेच नव्हती.

"मुदत लिहिलेली नसली की काय धरायची?" काकांनी आम्हाला शाळेतल्यासारखं विचारलं. कुणाला येत नव्हतं. "पाच वर्षं. १९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम १९. पाच वर्षांनी हक्क ज्याचे त्याला परत. म्हणजे २००९ लाच गेले." मग त्यांनी चित्रकाराच्या मुलीला फोन लावला. सुरुवात आईच्या तब्येतीपासून झाली. परवानगी मिळाली, नवा कागद झाला, त्यात मुदत घातली.

मग आम्ही दुवा उघडला. तो दुसऱ्याच एका पुस्तकाचा करार होता. या चित्रकाराचा करार संगणकावर होताच, पण त्या काळच्या फॉन्टमध्ये. युनिकोड, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायची आजची सर्वमान्य पद्धत, आपल्या कचेऱ्यांत रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा फॉन्टांवर सगळी मराठी अक्षरजुळणी चालायची. त्यांत फायलीत साठवलेली असायची परकी चिन्हं. फॉन्ट त्यांच्यावर मराठी अक्षरांचे मुखवटे चढवायचा. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की चिन्हांचा उकिरडा. आमचा चिटणीस मुखवटा बघत नाही, आतलं वाचतो. त्याला उकिरडा दिसला. त्याने तो बाजूला केला, शेजारचा त्यातल्या त्यात जवळचा तुकडा उचलला आणि आत्मविश्वासाने २५ वर्षं म्हणून सांगितली. 'मला वाचता आलं नाही' हे एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून आलं नाही. मराठी प्रकाशकांची दहापंधरा वर्षांची स्मृती अशी मुखवट्यांत अडकून पडलीय, आणि आपण म्हणतो की आता सगळं शोधता येतं.

त्या दिवशी मला बाळाजी आवजी चिटणीसांची गोष्ट आठवली. लहानपणी आजोबांकडून ऐकली ती अशी. शिवाजी महाराजांनी एक पत्र लिहायला सांगितलं होतं. बाळाजींना कामाच्या गर्दीत वेळ झाला नाही. रात्री महाराजांनी विचारलं, पत्र झालं का, वाचा. बाळाजींनी कागद हातात घेतला आणि घडाघडा वाचून दाखवलं, मायना, मजकूर, समारोप, सगळं जिथल्या तिथे. शेजारी मशाल धरून उभा असलेला मशालजी हसला. महाराजांच्या ते लक्षात आलं, चौकशी झाली आणि कळलं की कागद कोरा होता. आख्यायिका आहे, खरीखोटी इतिहासकारांनी बघावी. आजोबा ती बाळाजींच्या हुशारीची गोष्ट म्हणून सांगायचे आणि महाराज रागावले नाहीत, खूश झाले, असा शेवट करायचे.

कागद कोरा आहे हे बाळाजींना पक्कं ठाऊक होतं. उद्या बसून ते तेच पत्र शब्दशः लिहून काढणार होते. आमच्या चिटणिसाचं वाचनही तसंच घडाघडा, पण कोरा कागद आणि लिहिलेला कागद त्याच्या हाताला सारखेच लागतात. मी काकांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "मला यात मशालजीच आवडतो. त्याला वाचता येत नसेलही. पण उजेड त्याच्या हातात होता."

एक प्रसंग सांगायचा की नाही, या विचारात होते. सांगते. सप्टेंबरच्या शेवटी माझा पारा चढलेला असताना मी चिटणिसाला विचारलं, 'अंक कुणामुळे अडकलाय?' त्याने डिझायनर मुलीचं नाव दिलं. पुराव्यासह. नऊ कामं उशिरा, तारखा, दुवे. एकही आकडा खोटा नव्हता. पण त्या नऊपैकी सहा कामांची पानं माझ्यामुळे परत मांडावी लागली होती. मी तिच्या टेबलाशी उभी राहून तोंडी बदल सांगितले होते आणि तोंडी गोष्ट वहीत नव्हती. उरलेल्या तीन कामांच्या दिवसांत तिची आई दवाखान्यात होती, हे ती फक्त माझ्या कानात बोलली होती. मी ते उत्तर मिटवलं. प्रश्न विचारला याची लाज मात्र अजून मिटलेली नाही. चहाच्या टेबलावर हा प्रश्न मी विचारला असता तर समोर चेहरे असते, आणि अर्ध्यातच मी गिळला असता. यंत्रासमोर माणूस काहीही विचारतो.

हळूहळू कचेरीतही फरक पडायला लागला. लोक चॅनलवर, म्हणजे त्या साधनातल्या गप्पांच्या जागी, सरकारी परिपत्रकासारखं लिहू लागले. 'निर्णय', 'कारण', 'पुढील कार्यवाही'. थट्टामस्करी आटली. काकांनी तर बोलणंच जिन्यात हलवलं. "जरा खाली येतेस का," म्हणायचे आणि अमृततुल्यच्या बाकावर कागदाचा जीएसएम (म्हणजे वजन), बाइंडिंगवाल्याची उधारी, कुणाची कविता शेवटच्या क्षणी काढायची, सगळं मार्गी लागायचं. त्या आठवड्याच्या गोषवाऱ्यात ओळ आली : 'या सप्ताहात विशेष चर्चा झाली नाही.' त्या सप्ताहात निम्मा अंक ठरला होता.

ट्रायल संपली तेव्हा काय करायचं यावर वाद झाला. मुलगी म्हणाली ठेवू, कारण केकखाली प्रूफ गाडलं जाण्यापेक्षा हे बरं, आणि तिचं बरोबर होतं. यंदा एकही चुकीचं प्रूफ छापायला गेलं नाही. शेवटी ठेवलं, काही दारं बंद करून. पत्र पाठवायचं बटण काढलं. माणसांबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत असं ठरलं, आणि तो नियम आधी मला लागू. दुवा उघडल्याशिवाय उत्तर वापरायचं नाही. दर शनिवारी दुपारी काका आणि मुलगी शेजारी बसून जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये आणतात. असा बदल करून देणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं कुठेतरी फुटतातच, रफार उडतो, आणि मग काका कपाटातला मूळ कागद काढून वाचून दाखवतात. आतापर्यंत २००६ पर्यंत पोचलेत. त्या दोघांच्या गप्पा या उद्योगात इतक्या वाढल्यात, की काकांची नाडीची पद्धत आता तिलाही थोडी कळते.

आणि तिनेच एक कागद तयार केला, चिटणिसाने आधी वाचावा म्हणून. शीर्षक 'आमच्या कचेरीतले शब्द'. फर्मा म्हणजे काय, प्रूफ म्हणजे पुरावा नव्हे, 'पाकीट' म्हणजे मानधन, 'गुडघा' म्हणजे कथा. आणि खाली : 'काकांनी "छान आहे, बघू" म्हटल्यास तो नकार समजावा.' काकांनी ते वाचलं, काही बोलले नाहीत, फक्त 'नकार'च्या जागी 'सौम्य नकार' करायला लावलं.

परवाच्या बैठकीत पुढच्या वर्षीच्या अंकाचं मुखपृष्ठ आलं. निळ्या काळोखात एकच पणती, बाकी सगळं पान मोकळं. काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "छान आहे. बघू."

सोमवारी गोषवारा आला. 'मुखपृष्ठ : काकांचा सौम्य नकार. नवे पर्याय मागवावेत.'

मुलीने तोंड पाडून नवी फाइल उघडली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "अगं, मी नाही कुठे म्हणालो?"